वहिनींना पत्र: रिपोर्टमधल्या ‘मिक्स्ड’ शब्दाबद्दल

लीड्स, १२ एप्रिल

सौ. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टचे फोटो मिळाले. त्यातलं ‘मिक्स्ड’ म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचे डक्टल आणि लोब्युलर असे दोन प्रकार एकत्र. एकाच गाठीत दोन कॅन्सर कसे, असं दादाने विचारलंय. आधी तेच सांगते.

डक्टल पेशी एकमेकींना धरून राहतात. त्यांचा गोळा होतो, तो हाताला लागतो, मॅमोग्राफीच्या फोटोत दिसतो. लोब्युलर पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बहुधा नसतं. म्हणून त्या मुंग्यांसारख्या एकामागे एक रांगेत शिरतात, गाठ न करताच पसरतात. रिपोर्टमधला तो डाग, म्हणजे तपासणीसाठी पेशींना लावलेला रंग, याच प्रथिनाचा: डक्टल भागात पेशींच्या कडा तपकिरी, लोब्युलर भागात कोऱ्या. हा ‘मिक्स्ड’ प्रकार कमी जणींत सापडतो आणि त्याचं असं वेगळं औषध नाही. उपचार ईआर, पीआर (पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-२ (पेशींची वाढ करणारं प्रथिन) पाहूनच ठरतात. तुमचं ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आहे, त्यामुळे लेट्रोझोल आणि रायबोसिक्लिब ही जोडी बरोबर आहे.

माझा जीव अडकलाय तो पेट स्कॅनमध्ये. साखर जास्त ओढणाऱ्या पेशी त्यात उजळतात. लोब्युलर पेशी पुष्कळदा कमी ओढतात, आणि त्यांना जठराची भिंत, आतडी, पोटातला पडदा, अंडाशय अशा जागाही सापडतात. तिथला पातळ थर स्कॅनमधून निसटू शकतो. तेव्हा स्कॅन चांगला आला तरी दोन घासांत पोट भरणं, पोट फुगणं, मळमळ, नव्याने बद्धकोष्ठता, कमरेच्या एका बाजूला दुखणं यांतलं काही दोन आठवडे टिकलं, तर ‘उन्हाळ्याने भूक मेली’ म्हणून सोडून देऊ नका. नागपुरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांपैकी जामठ्याला दाखवा की तुकडोजीला, कॉन्ट्रास्ट देऊन पोटाचा सीटी लागेल का, हे स्पष्ट विचारा.

एंडोस्कोपी (नळी घालून जठर आतून पाहणं) ठरली तर तिथल्या डॉक्टरांना स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरचं आधी सांगायचं. हा आजार जठराच्या अस्तराखालून जातो. वरवरचा तुकडा घेतला तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आणि पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर जुना आजार लिहिलेला नसेल तर त्याच पेशी जठराच्या कॅन्सरसारख्या दिसतात, सगळा उपचारच चुकीच्या वाटेला लागतो. ईआर आणि गाटा-३ हे डाग लावले की उलगडा होतो. हाडाची बायोप्सी झाली तर दादाने एकच विचारावं: हाड मऊ करायला काय वापरणार? तीव्र ॲसिडने ईआर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं; ईडीटीए नावाच्या द्रावणाला वेळ लागतो, पण ते सौम्य असतं.

आता गोळ्या. रायबोसिक्लिब २०० मिलिग्रॅमच्या ३, रोज एकदाच, २१ दिवस. मग ७ दिवस सुट्टी. लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमला सुट्टी नाही. त्या आठवड्यात पुष्कळ जणी दोन्ही बंद करून बसतात. कॅलेंडरवर दोघींच्या वेगळ्या खुणा करा. गोळी उलटून पडली तर त्या दिवशी परत घ्यायची नाही. ईसीजी पहिल्या गोळीआधी आणि साधारण १४व्या दिवशी. पहिले दोन महिने दर १५ दिवसांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी. पांढऱ्या पेशी उतरतात, ते अपेक्षितच असतं. पण ताप १००.४च्या वर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन किंवा उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन लिहून दिलं तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. रायबोसिक्लिबबरोबर त्यांनी हृदयाची लय बिघडू शकते.

संत्री खुशाल खा! ग्रेपफ्रूट आणि पपनस मात्र नको, त्यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या. काढायचा दात आधीच काढायचा, नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

दादा, ब्लॉक (गाठीचे मेणात बसवलेले तुकडे) मुंबईला टाटाला नेणार आहेस ना? ते मेणाचे असतात, साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतात. नागपूरच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस. सोबतच्या पिशवीत ठेव, ब्लॉक नंबर लिहून घे, पावती जप.

पुढच्या रक्ततपासणीचा कागद आला की फोटो पाठवा. वहिनी, रात्री झोप लागते का, तेही लिहा.

तुमची,
छोटी