पाडव्याची गुढी : सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

गुरुवार, 19 मार्च 2026, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके 1948. इंदूरच्या रामबागेत, मंडळाच्या अंगणात सकाळी साडेसातला गुढी उभारू, लगेच पंचांगवाचन.

• रेशमी वस्त्र गुळगुळीत बांबूवरून घसरतं आणि तांब्या कलंडतो. म्हणून सुतळीची गाठ पेराच्या लगेच वर, घट्ट मारा.

• कडुलिंबाची लालसर कोवळी पानंच आणा. जून पानांचा प्रसाद कडूजार होतो (मग मुलंच काय, मोठेही तोंड फिरवतात). वाटीभर पानांना अर्धी वाटी भिजवलेली हरभरा डाळ, तेवढाच गूळ. जिरं, हिंग, मीठ चवीपुरतं. डाळ रात्रीच भिजत घाला.

• साखरेच्या गाठीला मुंग्या लागतात, आयत्या वेळी बांधा.

गुढी सूर्यास्तापूर्वी उतरवायची आहे. संध्याकाळी कोण थांबणार, बुधवारपर्यंत कळवा.