मरणाबद्दल घरात बोलायचं कुठे?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझे वडील मागच्या वर्षी कॅन्सरने गेले. शेवटच्या महिन्यात एकदा दुपारी मी त्यांना पेज भरवत होते तेव्हा चमचा बाजूला सारून ते म्हणाले, "मला आता परत आयसीयूत नेऊ नका गं", आणि मी काय केलं तर "बाबा असं अभद्र बोलू नका, बरे व्हाल तुम्ही" असं म्हणून विषयच बदलला. ते गप्प झाले ते झालेच. नंतर आयसीयू झालं, नळ्या झाल्या, सगळं झालं, आणि डॉक्टरांनीही त्यांना स्वतःला काय हवंय हे एकदाही विचारलं नाही.

आपल्याकडे तेराव्याला कुठली भाजी करायची यावर तास तास बोलतात पण जाणाऱ्या माणसाशी कोणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी असला तरी चालतं. पण कागदाच्या आधी बोलणं लागतं ना! पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) सेंटर १९९७ पासून आहे, तिथे पेशंटबरोबर घरच्यांनाही आधार देतात, हे मला बाबा गेल्यावर कळलं. अशी सोय निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तरी हवी, आणि तुमच्या पेपरने यावर नियमित लिहावं ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सातारा