जुन्या सोलरला प्लेटा वाढवताय? मायक्रोइन्व्हर्टरचं आधी विचारून घ्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कोल्हापुरात काही वर्षांमागं ज्यांनी सोलर बसवलं ती बरीच घरं आता प्लेटा वाढवायला निघालीत, कारण तेव्हा घरात एसी नव्हता, इलेक्ट्रिक स्कूटर नव्हती, आता दोन किलोवॅट कुठं पुरतंय. वेंडरला बोलावलं की बहुतेक वेळा एकच ऐकायला मिळतं, जुनं सगळं काढा आणि मोठा इन्व्हर्टर (प्लेटांच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणारं यंत्र) घ्या. चांगल्या चालणाऱ्या प्लेटा भंगारात घालायच्या हे मला अजिबात पटत नाही, म्हणून लिहितोय.

जुन्या 330 वॅटच्या प्लेटेचा करंट साधारण 9 अँपिअर, आणि आताच्या 540 वॅटवालीचा 13 च्या आसपास. दोन्ही एका सिरीजमध्ये जोडल्या की जोडीतला एक बैल थकल्यावर गाडी त्याच्याच चालीनं चालते तसं होतं. त्यामुळं मिक्स चालत नाही असं वेंडर म्हणतो ते एका स्ट्रिंगपुरतं, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या प्लेटांच्या एका माळेपुरतं, खरंच आहे. पण जुनी सिस्टीम आहे तशीच ठेवून फक्त नवीन प्लेटांना मायक्रोइन्व्हर्टर लावता येतो, हे कुणी सांगतच नाही. हा छोटा इन्व्हर्टर प्लेटेखाली स्ट्रक्चरलाच बसतो, तिथंच डीसीचं 230 व्होल्ट एसी करतो आणि ती लाईन वेगळ्या एमसीबीतून घरात येते, जुना इन्व्हर्टर आपलं काम करत राहतो. पुढं अजून एखादी प्लेट वाढवायची झाली तरी अडत नाही.

आणि आपल्या पेठांत खरा प्रश्न सावलीचा आहे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेत घराला घर चिकटलेलं, त्यात शेजारी अपार्टमेंट उभं राहिलं, टेरेसवर पाण्याची टाकी, शेजाऱ्याचा नारळ, आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कलला की सावल्या अजून लांबतात. मायक्रोइन्व्हर्टर असला की सावली पडलेली प्लेटच कमी देते, बाकीच्या आपापलं पूर्ण देतात, आणि मोबाईलवर कुठली प्लेट किती देतीय तेही कळतं. शिवाय स्ट्रिंगमध्ये प्लेटा वाढतील तसं डीसी व्होल्टेज वाढत जातं आणि तीनशे-चारशे व्होल्टची वायर टेरेसवरून खाली आणावी लागते, आपल्याकडच्या पावसात आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरींत मला तर त्याची भीतीच वाटते. इथं डीसी प्लेटेखालीच संपतं.

पण हे सगळ्यांनीच घ्यावं असं नाही. एका वॅटमागं खर्च जास्त पडतो, बिघाड झाला तर प्लेट उचलावी लागते, आणि उपनगरातल्या मोकळ्या बंगल्यावर दिवसभर ऊन असेल तर सगळ्या माळेला मिळून एकच असलेला साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर मस्त चालतो. लाईट गेली की ऑनग्रिडचा, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेला, मायक्रोइन्व्हर्टरही बंदच होतो, बॅकअप मिळेल या आशेवर कुणी पैसे घालू नयेत. वॉरंटी किती वर्षांची आणि इथं सर्व्हिस कोण देणार हे लेखी घ्यावं. अन गुपचूप प्लेटा वाढवू नका, वाढीव क्षमतेचा अर्ज महावितरणला करावाच लागतो.

पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत सबसिडी आहे म्हणून सध्या वेंडरांची नुसती घाई चाललीय. माझी मागणी एवढीच, महावितरणनं वेंडरांना सांगावं की सकाळी 10 ला आणि दुपारी 3 ला टेरेसवर येऊन सावली बघा, आणि मगच स्ट्रिंग आणि मायक्रो अशा दोन्ही पर्यायांचं वेगवेगळं कोटेशन ग्राहकाच्या हातात द्या.

एक वीजग्राहक, मंगळवार पेठ, कोल्हापूर