बाई तीच, मामा!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने आशा भोसले यांच्याबद्दल लिहिलंय की, सगळंच गाणाऱ्याच्या गाण्यात खोली राहत नाही. वाचून राहवलं नाही.

आमचा परभणीत लाऊडस्पीकरचा धंदा होता. लगनसराईत भोंगे, अॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डींची पेटी बैलगाडीत घालून पाथरी-गंगाखेडकडची खेडी पालथी घालायचो. १९७८च्या उन्हाळ्यात एका लग्नात पाठवणीची वेळ आली. पाठवणीला 'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे' लावायचं हा आमचा शिरस्ता. पण आदल्या रात्री रेकॉर्डी मीच भलत्या कव्हरांत कोंबलेल्या. सुई टेकली अन् भोंग्यातून 'पिया तू अब तो आजा'! आत्याबाईंचा हुंदका अर्ध्यातच अडकला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि नवरीचा मामा माझ्या अंगावर धावून आला, "कोन बाई लावलीस रे ही?" मी घाईघाईने रेकॉर्ड बदलली. 'जिवलगा' सुरू झाल्यावर भीतभीत म्हणालो, "मामा, बाई तीच हाय." मामाने हात झटकला. "मला शिकवू नको. ही येगळी हाय."

मी त्या मामाचं मत कुठल्याही पुरस्काराच्या वर धरतो.

'देवबाप्पा'तलं 'नाच रे मोरा' १९५३चं, चाल पुलंची. सहाच वर्षांनी 'सांगत्ये ऐका'मध्ये वसंत पवारांच्या चालीवर 'बुगडी माझी सांडली गं'. शब्द दोन्हीकडे गदिमांचेच. पहिल्यात अंगणातलं पोर गातंय, दुसऱ्यात 'सांडली गं' म्हणताना अशी लचक की समोरच्याला बुगडी मुद्दामच पडली असं वाटावं. नुसत्या गोड गळ्याचं हे काम नाही. 'तीसरी मंज़िल'च्या (१९६६) 'आजा आजा'ची पाश्चात्त्य चाल आपल्याला झेपणार नाही असं त्यांना वाटलं होतं. संगीतकार पंचमनी, म्हणजे आर. डी. बर्मन यांनी, चाल बदलायची तयारी दाखवली, तर यांनी नको म्हटलं आणि दहा दिवस तालीम करून गाणं दिलं.

गझलेच्या बाबतीत आम्हा मराठवाड्यातल्यांचा कान जरा खवचट. वली आणि सिराज हे जुने उर्दू शायर औरंगाबादचे, आणि निजामाच्या राज्यात आमच्या वडिलांची शाळा उर्दूतून झालेली. आशाबाईंना ते 'क्लबातली गाणी म्हणणारी' म्हणायचे. १९८१ला 'उमराव जान' आला तेव्हा उच्चारातली चूक काढायचीच या तयारीने ते पेटीजवळ बसले. संगीतकार खय्याम यांनी बाईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं होतं. 'दिल चीज़ क्या है'मधल्या त्या 'ज़'साठी वडिलांनी मला तीनदा सुई मागे घ्यायला लावली. मग काही न बोलता पान लावायला घेतलं. आमच्या घरात याला शाबासकी म्हणत.

सगळंच मला रुचलं असं नाही. नव्वदच्या दशकातले त्यांचे रिमिक्स मी दुकानात फार वाजवले नाहीत. पण त्याच सुमारास, १९९५ला, 'रंगीला'चं शीर्षकगीत आलं. तेव्हा बाईंचं वय ६१-६२. पडद्यावर ऊर्मिला मातोंडकर, आणि आवाज जराही थोराड वाटत नाही.

आता थोडं आपल्या पुरवणीविषयी. आशाबाईंवरच्या लेखात पुरस्कारांची यादी अर्धा रकाना आहे, गाण्यांची नावंही भरपूर आहेत, पण 'जिवलगा'पुढे ना गीतकार शांता शेळके, ना संगीतकार हृदयनाथ मंगेशकर. संगीतकार ओ. पी. नय्यर यांचं नाव तर कुठेच नाही. एवढ्या तऱ्हांनी बाई गायल्या त्या या मंडळींनी वेगवेगळं मागितलं म्हणूनही. आमच्या पेटीतल्या फाटक्या कव्हरांवरसुद्धा ही नावं असत. पुढच्या वेळी गाण्यासोबत तेवढी छापा.

आपला,
एक जुना भोंगेवाला, परभणी