पेटीचं छप्पर आणि लग्नपत्रिका

मखमलाबाद, नाशिक
18 मे

प्रिय संज्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी पत्राच कापत होतो, म्हणून "मग सांगतो" म्हणून ठेवला. फोनवर सांगून उपयोगही नव्हता. तू "हो हो" म्हणतोस आणि नंतर स्वतःच्या मनाचंच करतोस. तेव्हा हा कागद तुझ्या मधमाश्यांच्या पेटीपाशी घेऊन बस.

शाळेच्या मोडक्या बाकांतून पेटी केलीस हे एक नंबर काम. जुनं वाळलेलं लाकूड वाकत नाही. आता छपराच्या पत्र्यावर बाकी सगळ्यापेक्षा जास्त पैसे जातायत म्हणून रडतोस. अरे, पत्रा ही छपरातली सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट. हे मला माशांची एक वसाहत घालवून कळलं.

पहिल्या वर्षी मी तेलाचा 15 किलोचा रिकामा डबा फोडला, ठोकून सपाट केला आणि फळीसुद्धा न घालता नुसता चौकटीवर मारला. डबा उघडला की साधारण तीन फूट लांब, 14 इंच रुंद पत्रा मिळतो, आपल्या सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, पेटीची दोन छपरं त्यात बसतात. वाटलं, जिंकलो. एप्रिलअखेर पारा 40 ला टेकला. दुपारी पत्र्यावर हात ठेववेना. पिलाव्याजवळ, म्हणजे अंडी-अळ्या असतात तिथे, माशांना 34-35 अंश लागतात. त्यासाठी त्या पाणी आणून शिंपडतात, दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. माझ्या माशांनी आठवडाभर तेवढंच केलं, मध आणायला कुणी बाहेर पडेना. मेण वितळायला साठाच्या वर लागतात, पण त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडतं. एका संध्याकाळी पाहतो तर मधाने भरलेली पोळी चौकटीतून सुटून तळपाटावर बसलेली. तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी. सातेरीला जागा आवडली नाही की ती भांडत बसत नाही, उठून जाते.

मग फ्लेक्सचा प्रयोग. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सला काय तोटा? एका भावी नगरसेवकाचा हसरा चेहरा पेटीवर ताणून बसवला. वरून पाणी आलं नाही, पण आतली वाफही कोंडली. पावसाळ्यात झाकणाखाली थेंब लोंबायला लागले, कडेच्या पोळ्यांना बुरशी. भावी नगरसेवक उन्हाने दुसऱ्या वर्षी चिरला तो वेगळाच.

आता खरं औषध सांगतो. आपल्या ओळखीच्या छापखान्यात जा आणि ऑफसेट छपाईच्या वापरलेल्या प्लेटा माग. जेमतेम 0.3 मिलिमीटर जाडीचं शुद्ध ॲल्युमिनियम. रंगीत कामाला एकेका पानामागे चार प्लेटा लागतात आणि काम झालं की सगळ्या भंगारात. मी 180 रुपये किलोने दोन किलो आणल्या. किलोत सहा-सात छपरं सहज निघाली. म्हणजे तीस रुपयांच्या आत एक. गंज नाही, साध्या कात्रीने कापतं, हाताने दुमडतं. फक्त कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाल. ऑफसेटच्या प्लेटेवर अक्षरं सुलटी असतात हे मला माहीत नव्हतं. माझ्या एका पेटीवर कुणाची तरी 'शुभविवाह' पत्रिका स्वच्छ वाचता येते, सहकुटुंब सहपरिवार. मी मुद्दाम रंग दिला नाही. बाकीच्यांना वरून पांढरा ऑइलपेंट.

कोपरे मात्र कापू नकोस. शाळेत पुस्तकाला कव्हर घालायचो तसे आत दुमडायचे. कापलास की तिथूनच पाणी शिरतं. आणि चुका (बारीक खिळे) माथ्यावर ठोकायच्या नाहीत. पत्रा बाजूने दीड इंच खाली उतरव आणि चुका त्या बाजूच्या पट्टीत मार. प्रत्येक भोकाखालची फळी दोन पावसाळ्यांत कुजते, मी कुजवली आहे.

पण मुद्दा पत्र्याखालचा. फळी, तिच्यावर फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातला इंचभर थर्माकोल, मग पत्रा. थर्माकोल उघडा ठेवलास तर मुंग्या घर करतात, माशाही कुरतडतात. थर्माकोल नसेल तर बारदानाच्या चार घड्या. एका कडेला बोटभर भोक पाडून जाळी लाव, वाफ तिथून जाते. बस, एवढ्यावर माझ्या सहा पेट्यांनी दोन उन्हाळे काढले, एकही उठली नाही.

तुमच्या पेठ तालुक्यात ऊन कमी आणि पाऊस धो-धो, तेव्हा तिथे उतार महत्त्वाचा. मागच्या पायांखाली पाचर देऊन पेटी दाराच्या बाजूला किंचित झुकव. वर एखादा जड दगड. स्लॅब टाकणाऱ्या कुणाची मंगलोरी कौलं उतरली असतील तर ती आणून छपरावर मांड. वजनही झालं, सावलीही. गावातली म्हातारी माणसं गवताचं इरलं घालतील पेटीवर, तेही छान, पण त्यात पाली आणि मुंग्या येतात, लक्ष ठेवावं लागतं. आणि कुणी जुना सिमेंटचा पत्रा फुकट देऊ केला तर घेऊ नकोस. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, कापताना उडणारी धूळ छातीत जाते. शाळेच्या आवारात तर अजिबात नको.

इकडे फेब्रुवारीत कांद्याच्या डेंगळ्यांवर, म्हणजे बियाण्याच्या फुलांवर, माशा नुसत्या तुटून पडल्या होत्या. बियाणेवाला शेतकरी स्वतः विचारत आला, पेट्या ठेवता का म्हणून. फवारणीच्या आदल्या रात्री सांगायचं कबूल केलंय त्याने, बघू.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. चार प्लेटा गुंडाळून आणतोय. थर्माकोल तू बघून ठेव आणि वहिनींना सांग, नागलीची भाकरी हवी. छपराचं माप आधी घे, बाहेरून बाहेर, नेहमीसारखं आतून नको.

तुझा,
बाळ्या