गेंटहून परतल्यावर अण्णांना लिहिलेले अनावृत आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सादर प्रणाम.

बेल्जियममधील गेंट शहरात शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे मी या उन्हाळी सुट्टीत जाऊन सुखरूप परत आले, हे आपल्याला समक्ष सांगून झालेच आहे. आभार मानायला मात्र आपण संधीच दिली नाहीत. मी विषय काढला की आपण माझ्या परीक्षेच्या निकालाची चौकशी करता, आणि वडिलांनी काही देण्याचा प्रयत्न केला तेव्हा आपण त्यांना चहा पाजून परत पाठवलेत. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. व्हिसाच्या अर्जासाठी आपण माझ्यासाठी जे केलेत, त्याची गरज सोलापूरच्या आपल्या पूर्व भागातील इतर पुष्कळ मुलामुलींना पडणार आहे, हे त्याचे दुसरे कारण.

मी आपल्याकडे प्रथम आले, तेव्हा घरातील वातावरण कसे होते हे आपल्याला ठाऊक आहे. तिकिटाचे पैसे मी शिकवण्या घेऊन साठवले होते, राहण्याची सोय मैत्रिणीकडे होती, आणि उरलेला खर्च वडील करणार होते. परंतु व्हिसा मिळेल यावर घरात कोणाचाच विश्वास नव्हता. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या माणसाच्या मुलीला युरोपचा व्हिसा कोण देणार, हा प्रश्न नातेवाईक आमच्या तोंडावरच विचारीत असत. एका प्रवासी एजंटाने तर वडिलांचा व्यवसाय ‘निर्यातदार’ असा लिहावा, हॉटेलचे आरक्षण दाखवून नंतर रद्द करावे आणि मैत्रिणीचा उल्लेखच टाळावा, असा सल्ला दिला होता. मामांचा सल्ला याहून सोपा होता: अर्ज करण्याच्या आठवड्यात तीन लाख रुपये वडिलांच्या खात्यात भरायचे आणि व्हिसा हातात पडला की काढून घ्यायचे.

आपण मामांना एवढेच विचारलेत, “हे पैसे कुठून आले, हे ती पोर कागदावर काय लिहिणार?” मामा त्यावर काही बोलले नाहीत. त्यानंतर आपण वडिलांना शेजारी बसवून त्यांच्या खात्याच्या उताऱ्यातील नोंदी एकेक करून वाचून घेतल्यात. सूतवाल्याला गेलेली रक्कम कोणती, व्यापाऱ्याकडून आलेली कोणती, दिवाळीपूर्वी आवक का वाढते आणि पावसाळ्यात का मंदावते, हे सारे आपण त्यांच्याच तोंडून वदवून घेतलेत व त्याचे एक पानभर निवेदन तयार केलेत. मजुरी रोखीने द्यावी लागते म्हणून दर आठवड्याला पैसे काढले जातात, हेही आपण त्यात स्पष्ट लिहायला लावलेत. सोबत तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि लघुउद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र जोडलेत. बँकेत इतकी वर्षे कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस समोरच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी कागद कसा पाहतो, ते मी त्या दिवसांत शिकले. आपले म्हणणे असे होते की, अर्ज तपासणाऱ्याला मुख्यतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: ही व्यक्ती कशासाठी येत आहे, तिचा खर्च कोण आणि कशातून करणार आहे, आणि ती परत का जाईल. व्हिसा नाकारताना जो छापील नमुना दिला जातो, त्यातही प्रवासाच्या कारणाविषयीची माहिती विश्वसनीय न वाटणे, खर्चाची तरतूद सिद्ध न होणे आणि मुदतीत परतण्याच्या हेतूबद्दल शंका असणे ही कारणे असतात. आपण तो नमुना मला आधीच वाचायला दिलात. नकाराचे कारण आधी वाचून मग अर्ज लिहायचा, ही पद्धत मला फार पटली.

नावांच्या घोळाची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण ती आमच्यासारख्या तेलुगूभाषक घरांत घरोघरी आहे. आमचे आडनाव पासपोर्टवर एका स्पेलिंगने, वडिलांच्या पॅन कार्डावर दुसऱ्या आणि लाइट बिलावर तिसऱ्याच स्पेलिंगने होते. शाळेच्या दाखल्यावर तर वडिलांचे नाव आधी आणि आडनाव शेवटी होते. सोलापुरात याचे कोणाला काही वाटत नाही. परक्या देशाच्या अधिकाऱ्याला मात्र ती तीन वेगळी माणसे वाटू शकतात, हे आपल्या लक्षात आले. आपण वडिलांना न्यायालयाजवळच्या नोटरीकडे नेऊन, ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून घेतलेत, मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे करवलीत, आणि भाषांतरकाराने पुन्हा चौथे स्पेलिंग वापरले तेव्हा ते पान त्याला परत करायला लावलेत. उन्हात उभे राहून त्याच्याशी अत्यंत शांतपणे वाद घालणारे आपण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहात.

बाकीचे नियमही आपणच समजावलेत. मैत्रिणीच्या मनात मला पॅरिस आणि ॲम्स्टरडॅम दाखवायचे होते, आणि शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसावर, ते चालतेही. पण अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच देशाकडे करावा लागतो, म्हणून आपण मुक्कामाचा तक्ता बेल्जियम केंद्रस्थानी ठेवून आखलात. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध राहणारा पासपोर्ट या अटी मला ठाऊक होत्या. जून २०२४ पासून प्रौढांसाठीचे शुल्क ९० युरो झाले आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही, हे मात्र आपल्याकडून कळले. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निर्णयाला साधारणपणे पंधरा दिवस लागत असले तरी तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून उन्हाळ्याची गर्दी सुरू होण्याआधीच आपण मला मुंबईला पिटाळलेत. मैत्रीण स्वतः शिष्यवृत्तीवर शिकत असल्याने खर्चाची हमी तिच्या नावावर दाखवण्यात अर्थ नव्हता. तिच्याकडून आपण फक्त निमंत्रणपत्र, तिच्या निवास परवान्याची प्रत आणि वसतिगृहात पाहुणा ठेवण्याची लेखी परवानगी एवढेच मागवलेत. माझ्याकडून विद्यापीठातील विभागाचे बोनाफाइड, सुट्टीचे पत्र आणि पुढील सत्राचे वेळापत्रक घेतलेत.

आणि माझे विनंतीपत्र! मी त्यात ‘युरोपच्या वैभवशाली संस्कृतीची ओळख करून घेण्याची माझी तीव्र आकांक्षा आहे’ असे वाक्य लिहिले होते. आपण ते वाचून चष्मा काढलात आणि “तू मैत्रिणीला भेटायला चालली आहेस ना? मग तेच लिही,” असे म्हणालात. पत्र अर्ध्या पानाचे झाले. शाळेपासूनची मैत्री, तिचा अभ्यासक्रम, माझी सुट्टी, परतीची तारीख, खर्च वडिलांचा; संपले. त्याला पुरावा म्हणून आपण शाळेच्या स्नेहसंमेलनातील आमचा दोघींचा जुना फोटो जोडायला लावलात, तेव्हा मला हसू आले होते. व्हिसा कशामुळे मिळाला हे कोणी सांगत नाही; मला वाटते की त्या फोटोचाही त्यात वाटा असावा.

अण्णा, मला ज्याबद्दल सर्वांत अधिक कृतज्ञता वाटते, ते हेच आहे. आमचे घर जसे आहे तसेच कागदावर यावे, असा आपला आग्रह होता. वडिलांनी आयुष्यात प्रथमच आपल्या धंद्याविषयी एक पान लिहिलेले पाहिले आणि त्याखाली सही केली. एजंटाच्या सल्ल्याने अर्ज केला असता आणि व्हिसा मिळालाही असता, तरी मी त्या देशात दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी म्हणून उतरले असते.

ब्रुसेल्सच्या झाव्हेंटेम विमानतळावर याचा प्रत्यय आला. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने कोणाकडे जाणार, ओळख कशी, वडील काय करतात, असे विचारले. आठवून उत्तरे देण्याची वेळच आली नाही, कारण खरे तेवढेच सांगायचे होते. आपल्या सूचनेप्रमाणे कागदांची फाइल हातातल्या पिशवीत ठेवली होती. त्याने त्यातील परतीचे तिकीट व निमंत्रणपत्र पाहून शिक्का मारला. माझ्या शेजारच्या खिडकीवरील एका मुलाची फाइल मोठ्या बॅगेत होती आणि ती बॅग अजून पट्ट्यावर यायची होती.

खाण्याच्या पिशवीबाबतही आईच्या वतीने आभार मानते, जरी तिचा राग पुरता गेलेला नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून आपण पेढे आणि तुपाचा डबा बाहेर काढायला लावलात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी गेली. मैत्रिणीने पहिल्या रात्री चटणीत तेल घालून भाकरीचे तुकडे त्यात बुडवून खाल्ले आणि बराच वेळ आम्ही नेहमीच्या मराठी-तेलुगू मिसळीत बोलत बसलो. जून महिन्यात तिथे रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, त्यामुळे किती वाजले हे कळतच नाही. तिने पहिला हिवाळा एकटीने कसा काढला, हे तिने मला फोनवर कधी सांगितले नव्हते ते तेव्हा सांगितले. त्याविषयी इथे अधिक लिहिणार नाही. जाणे किती आवश्यक होते, हे मला तिथे पोचल्यावर समजले, एवढे आपल्याला कळावे.

निघताना आपण एकच काम सांगितले होते, ‘तिथली गिरणी बघून ये.’ आपले वडील जुन्या गिरणीत कामाला होते आणि १८७७ साली सुरू झालेल्या त्या गिरणीच्या भोंग्यावर आपले घर चालत असे, हे आपल्याकडून अनेकदा ऐकले आहे. गेंट हे उद्योगांच्या काळात कापसाच्या सुतावर वाढलेले शहर. लीव्हन बाउवेन्स नावाच्या तेथील उद्योजकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस सूतकताईच्या ‘म्यूल जेनी’ यंत्राचे भाग इंग्लंडमधून चोरून आणले, कारण अशी यंत्रे देशाबाहेर नेण्यास इंग्लंडमध्ये बंदी होती. पुढे गेंटमध्ये त्याची गिरणी उभी राहिली, तो शहराचा महापौर झाला आणि आज त्याचा तिथे पुतळा आहे. तस्करी केलेल्या माणसाच्या पुतळ्याचा फोटो पाहून वडिलांना फार मौज वाटली. शहराच्या मध्यभागी ग्राव्हनस्टेन नावाचा ११८० सालचा किल्ला आहे, आणि त्या किल्ल्यातही एकोणिसाव्या शतकात सूतगिरणी चालत होती. आपल्या भुईकोट किल्ल्यात कोणी गिरणीची यंत्रे लावल्याची कल्पना करून पाहावी, म्हणजे मला तिथे काय वाटले ते कळेल.

आपल्यासाठी मुख्य म्हणजे तेथील उद्योग संग्रहालय. ते एका जुन्या कापूस गिरणीच्या इमारतीतच आहे. लोखंडी खांब, मोठ्या खिडक्या, वरच्या मजल्यावरून दिसणारे शहराचे तीन मनोरे, आणि आत कताईची व विणकामाची यंत्रे. माग चालवून दाखवला गेला तेव्हा इतर पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. मी मात्र आडवा धागा नेणारा धोटा कोणत्या बाजूने येतो आहे हे न पाहता सांगू शकत होते, आणि ते ऐकून माग चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मला दोरीच्या आत बोलावून तुटलेला धागा सांधायला दिला. मी तो सांधला, अण्णा. घरी इतकी वर्षे कांड्या भरण्यापलीकडे मला कोणी मागाला हात लावू दिला नव्हता, तरी पाहून पाहून हाताला ते ठाऊक होते. त्यांनी मला कुठली म्हणून विचारले, तेव्हा मी सोलापूरचे नाव सांगून भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चादरीविषयी बोलले आणि फोनमधील आमच्या मागाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

आपल्याकडील गिरण्यांपैकी एकाही इमारतीत असे चालते यंत्र आणि ते चालवून दाखवणारा जुना कामगार का नसावा, हा प्रश्न मला तिथे पडला आणि तो आपल्याशी बोलायचा आहे. यान व्हान आइक आणि त्याच्या भावाने रंगवलेली, १४३२ साली पूर्ण झालेली प्रसिद्ध वेदीचित्रे मी सिंट-बाफ्स चर्चमध्ये पाहिली. ती थोर आहेत, यात शंका नाही, पण माझा अधिक वेळ गिरणीतच गेला. ‘व्होराउट’ या कामगार सहकारी संस्थेने १९११ ते १९१४ या काळात बांधलेल्या भव्य उत्सवगृहातही मी जाऊन बसले. तिथे आता नाटके आणि मैफली होतात. या सर्व ठिकाणांची छायाचित्रे मोठ्या आकारात छापून घेतली आहेत, कारण आपल्याला फोनच्या पडद्यावर पाहणे आवडत नाही.

शेवटी एक विनंती. माझ्या अर्जाची संपूर्ण फाइल, आपल्या लाल शाईच्या दुरुस्त्यांसह, मी जपून ठेवली आहे. त्यातील खातेक्रमांक आणि खासगी तपशील झाकून तिच्या प्रती काढल्या आहेत, आणि ज्यांना अशा प्रवासासाठी अर्ज करायचा आहे त्यांना त्या मी वाचायला देणार आहे. आपली हरकत असल्यास कळवावे. आमच्या गल्लीतील एक मुलगा पुढील वर्षी बहिणीला भेटण्यासाठी जर्मनीला जाऊ इच्छितो. त्याच्या वडिलांचे चादरीचे माग आहेत आणि आडनावाची स्पेलिंगे आमच्याहूनही अधिक आहेत. नोटरी, भाषांतर आणि खात्याचे निवेदन या गोष्टी मी त्याच्यासोबत बसून पूर्ण करीन. विनंतीपत्र मात्र आपण एकदा नजरेखालून घालावे, म्हणून रविवारी सकाळी त्याला घेऊन येते. छायाचित्रेही त्याच वेळी आणीन.

काकूंना नमस्कार.

आपली नम्र,
पूर्व भागातील आपली विद्यार्थिनी
सोलापूर