गणपती तोंडावर आणि वसतिगृहात ताप

विश्रामबाग, सांगली
श्रावणातला शेवटचा सोमवार

प्रिय शैले,

तुझ्या पत्राला उत्तर नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. आम्ही बरे, माईंचे गुडघे तसेच. आता कामाचं ऐक, कारण रेक्टर झाल्याशिवाय हे कुणाला कळायचं नाही.

वसतिगृहात फ्लू शिरलाय. वरून हुकूम, 'ताप आला की घरी पाठवा.' झालं! मुली ताप लपवायला लागल्या. हजेरीचे पंचाहत्तर टक्के एकीकडे, आणि घरी गेलं की बाबा परत पाठवतील का ही धास्ती दुसरीकडे. सकाळी पॅरासिटामॉल गिळून वर्गात बसायचं, गोळी उतरली की पुन्हा फणफणायचं, तोवर अख्खा बाक खोकायला मोकळा. आणि जी सापडते ती जत-आटपाडीच्या भरल्या एसटीत.

तूच हिशेब कर. लागण झाल्यापासून ताप यायला एक ते चार दिवस. ताप यायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस ती दुसऱ्याला देऊ शकते. गणपतीला आठवडा आहे. आज तापलेली मुलगी इथेच राहिली, तर गौरी यायच्या आत बहुतेक निर्धोक घरी जाईल. आज हाकलली, तर आजीच्या शेजारी झोपून खोकेल. एवढं साधं गणित, पण वर पटत नाही. 2009 च्या ऑगस्टात पुण्यात शाळा-कॉलेजं बंद केली होती ते सगळ्यांना आठवतं, त्यामुळे नुसतं 'फ्लू' म्हटलं तरी हात झटकतात.

तापलेल्या मुलींसाठी तळमजल्यावरची अभ्यासिका मी मागितली आहे. खाटांमध्ये सहा फूट, आणि एकीचं डोकं तिकडे दुसरीच्या पायांकडे. छताचा पंखा तीच हवा घुसळतो, म्हणून खिडकीत एक्झॉस्ट हवा, बाहेर फेकणारा. वायरमन तो हमखास उलटा बसवतो. दार बोटभर किलकिलं करून फटीशी उदबत्ती धर: धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. व्हरांड्याकडे आला तर पंखा उलटा, अख्ख्या मजल्याला खोकला वाटतोय. (मिरजेच्या खोलीत खिडकीवरून तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस. वान्लेसवाडीच्या सॅनेटोरियमचा दाखला दिला तर म्हणालीस, 'मला क्षय नाही, थंडी वाजते.' अजून सांगते, खिडकी उघडीच हवी होती.)

मास्क आधी आजारी मुलीला, मग डबा नेणारीला. पाण्याच्या पिंपावरचा सामाईक ग्लास उचलला, प्रत्येकीची आपली बाटली. ताटं-वाट्या साबणाने नीट घासल्या की पुरे, या विषाणूला साबण पुरतो. फिनेलचे पाट वाहवायची गरज नाही.

गोळ्यांचा घोळ मोठा. पॅरासिटामॉल पाचशेची, दोन डोसांत किमान सहा तास. पण मेडिकलवाल्याच्या 'सर्दीच्या गोळी'तही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही घेतल्या की डोस दुप्पट नि भार लिव्हरवर. म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचूनच द्यायचं. अ‍ॅस्पिरिन मुळीच नाही, या वयात तर नाहीच. अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या मुली आपापसात वाटून घेतात, ती अँटिबायोटिक, विषाणूला ढिम्म फरक पडत नाही. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध डॉक्टरांनी द्यायचं, आणि ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोग. म्हणजे ताप लपवण्यात नेमके कामाचे दोन दिवस जातात! दमा, मधुमेह असलेल्या मुलींची यादी मी वेगळी काढली, त्यांना पहिल्याच दिवशी दाखवायचं.

मेसच्या मावशी कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या वाटत सुटल्यात. वाटू देत, वसतिगृहाला देवघराचा वास आलाय एवढंच. त्यांची मऊ भाताची पेज मात्र खरी कामाची. वाफेचं भांडं सामाईक नको, आणि खाटेवर तर नकोच, भाजतं.

रजिस्टरला सकाळ-संध्याकाळ ताप आणि ऑक्सिजन. ऑक्सिमीटर बोट गरम करून, नेलपेंट पुसून लाव, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट, नाहीतर आकडा फसवतो. ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली, धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ निळे, गुंगी, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, यातलं एकही दिसलं की रिक्षा थेट सिव्हिलला, आधी वरची परवानगी मागत बसायचं नाही. बाकीच्यांना, गोळीशिवाय चोवीस तास ताप नसेल तेव्हाच वर्गात सोडायचं. आणि खोकला दोन आठवड्यांवर रेंगाळला तर क्षयासाठी थुंकी तपासून घे, ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

लशीचं आत्ता बोलून फायदा नाही, अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, पुढच्या वर्षी पावसाआधीच टोचून घेऊ.

तुझं साताऱ्याचं घर लागलं का? अण्णांचा मोतीबिंदू झाला असेलच. छोटीचा निकाल ऐकला, पेढे उधार आहेत.

आता मुद्दा. गेल्या साली तुझ्या प्राचार्यांकडून तू आजारपणाची हजेरी मंजूर करून घेतलीस, तो अर्ज मला हवा. डॉक्टरच्या दाखल्याऐवजी रेक्टरच्या रजिस्टरची नोंद चालते, हे त्यात कसं लिहिलंस ते जसंच्या तसं. गुरुवारी मीटिंग आहे, बुधवारपर्यंत फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, अक्षर लागेल असा.

तुझी,
नंदा